नको तिथली ठिणगी शोधणारे हेन्री रॉइस

रोल्स-रॉइस हे नाव उच्चारले की आपल्याकडे संस्थानिकांचे ताफे, चांदीच्या मुलाम्याचे दिवे आणि शिकारीसाठी मुद्दाम बांधून घेतलेल्या मोटारींच्या खऱ्याखोट्या कहाण्या आठवतात. या जोडनावातील पहिला भाग एका लॉर्डच्या चिरंजीवांचा आहे. दुसरा भाग ज्यांचा, ते फ्रेडरिक हेन्री रॉइस मात्र लहानपणी लंडनच्या रस्त्यांवर वर्तमानपत्रे विकत आणि पुढे घरोघर तारा पोचवीत हिंडले होते. मोटारीला हात लावण्यापूर्वीची त्यांची जवळजवळ वीस वर्षे विजेच्या घंटा, दिव्यांचे होल्डर, डायनॅमो आणि क्रेन बनविण्यात गेली.

आश्चर्य असे की, मोटारीच्या इतिहासात मूलभूत म्हणावा असा एकही शोध या माणसाच्या नावावर नाही. चार धावांचे इंजिन, कार्ब्युरेटर, गिअरपेटी हे सारे इतरांनी आधीच करून ठेवले होते. रॉइस यांचे सामर्थ्य निराळ्या ठिकाणी होते. चालते यंत्र समोर ठेवले की ते उद्या कुठे दगा देणार, हे त्यांना आज दिसत असे. जुन्या ब्रिटिश मोटारीखाली सतरंजी अंथरून ज्यांनी रविवार घालविले आहेत, त्यांना या गुणाची किंमत वेगळी सांगायला नको.

पीटरबरोजवळच्या अॅल्वॉल्टन या खेड्यात २७ मार्च १८६३ रोजी हेन्रीचा जन्म झाला. पाच भावंडांत तो धाकटा. वडील जेम्स पिठाची गिरणी चालवीत. पण धंदा बुडाला, कुटुंब लंडनला आले आणि १८७२ मध्ये वडील वारले. मुलाच्या वाट्याला शाळा आली ती जेमतेम वर्षभराची. १८७८ मध्ये एका मावशीने फीचा भार उचलला म्हणून त्याला पीटरबरो येथील ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारी मिळाली. ज्या घरी तो राहत असे, तेथील यजमानही रेल्वेच्याच कारखान्यात काम करीत आणि त्यांच्या अंगणातल्या शेडमध्ये एक लेथ होता. कारखान्यात दिवसभर इंजिने आणि घरी आल्यावर लेथ, असा हा अभ्यासक्रम. तोही पुरता झाला नाही. तीन वर्षांत मावशीचे पैसे संपले आणि उमेदवारी अर्धवट सुटली. पुढे आयुष्यभर रॉइस स्वतःला केवळ मेकॅनिक म्हणवून घेत आले. त्यात विनय किती आणि न मिळालेल्या प्रमाणपत्राची बोच किती, हे ठरविणे अवघड आहे.

लीड्समध्ये काही काळ हत्यारे बनविण्याचे काम करून ते लंडनला परतले आणि एका वीज कंपनीत लागले. वीज तेव्हा नवी होती. त्या क्षेत्रात कुणाकडेच पदव्या नव्हत्या, त्यामुळे पदवी नसलेल्यालाही वाव होता. १८८२ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, रस्त्यांवरील व नाट्यगृहांतील दिव्यांच्या कामासाठी त्यांची लिव्हरपूलला रवानगी झाली. ती कंपनीही लवकरच बुडाली. तेव्हा १८८४ मध्ये गाठीचे २० पौंड आणि मित्र अर्नेस्ट क्लेअरमॉन्ट यांचे ५० पौंड अशा भांडवलावर मँचेस्टरच्या कुक स्ट्रीटवर एफ. एच. रॉइस आणि कंपनीचे दार उघडले. दोघेही कारखान्याच्या माळ्यावरच राहत आणि इनॅमल भाजायच्या भट्टीवर जेवण शिजवीत. पुढे १८९३ मध्ये दोघांनी दोन सख्ख्या बहिणींशी विवाह केले.

या कारखान्यात आरंभी तयार झालेली वस्तू म्हणजे दारावरची विजेची घंटा. तिच्याकडे जरा थांबून पाहावे, कारण पुढच्या मोटारीचे बीज तिच्यात आहे. घंटेत एक विद्युतचुंबक असतो. प्रवाह सुरू झाला की तो पोलादी पट्टीला ओढतो. पट्टी हलली की संपर्क तुटतो आणि प्रवाह थांबतो. प्रवाह थांबला की पट्टी परत येते आणि पुन्हा संपर्क जुळतो. सेकंदाला कितीतरी वेळा हे घडते. संपर्काची टोके काजळली, पट्टीची स्प्रिंग सैल पडली किंवा मधले अंतर केसभर चुकले, की घंटा मुकी होते.

घंटेनंतर डायनॅमो आले. डायनॅमोत तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर फिरतो आणि त्यावर टेकलेले ब्रश प्रवाह गोळा करतात. त्या काळातील बहुतेक डायनॅमोंत ब्रशखाली ठिणग्या उडत. ठिणगीने तांबे जळते, जळलेला पृष्ठभाग खडबडीत होतो, खडबडीत पृष्ठभागावर ब्रश उडतो आणि ठिणगी आणखी वाढते. रोग स्वतःच स्वतःला पोसतो. ज्या गिरणीच्या हवेत कापसाचे तंतू तरंगतात तेथे अशी ठिणगी म्हणजे आगीला निमंत्रण, आणि मँचेस्टर तर कापडगिरण्यांचेच शहर. रॉइस यांनी आर्मेचरची गुंडाळणी आणि जुळणी अशी सुधारली की, त्यांचा डायनॅमो ठिणगीविना चालू लागला. कंपनीचे नाव झाले ते या डायनॅमोमुळे. दिव्याच्या होल्डरमध्येही त्यांनी सुधारणा करून पेटंट घेतले होते. दोन खिळ्यांचा, दाबून फिरवायचा जो बल्ब आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या घरोघर लागला, त्याच जातीचा तो होल्डर. १८९४ पासून कारखाना विजेवर चालणाऱ्या क्रेनही बनवू लागला.

तोपर्यंत मालकाच्या शरीराकडे मात्र कुणाचे लक्ष नव्हते, खुद्द मालकाचे तर नव्हतेच. जेवणाची शुद्ध नाही, झोपेची वेळ नाही. दुधाचा पेला हाती देऊन एका पोऱ्याला रॉइससाहेबांच्या मागे मागे कारखानाभर फिरवीत, अशी त्या दिवसांची आठवण सांगितली जाते. १९०२ मध्ये प्रकृतीने पहिला इशारा दिला. त्याच सुमारास परदेशी स्वस्त यंत्रांच्या स्पर्धेमुळे धंदाही मंदावला होता. या काळात रॉइस यांनी डेकॉव्हिल या फ्रेंच कंपनीची दोन सिलिंडरची जुनी मोटार विकत घेतली.

ही मोटार अगदीच टाकाऊ होती आणि म्हणून चिडून रॉइस यांनी स्वतःची मोटार बनविली, असे अनेक ठिकाणी छापून येते. ते फारसे न्याय्य नाही. डेकॉव्हिल ही त्या काळातील बऱ्यापैकी गाडी मानली जाई. फरक मालकात होता. इतरांना जी कुरकुर मोटारीची सवय वाटे, ती रॉइस यांना दोष वाटे. त्यांनी गाडी खिळखिळी करून पाहिली. आवाज कुठून येतो, थरथर कुठे जन्मते, इंजिन का तापते, चालता चालता ठिणगी का हरवते. जे चांगले होते ते त्यांनी तसेच ठेवले आणि जे दगा देई ते नव्याने आखले. मग तसल्या तीन मोटारी स्वतःच बांधायचे ठरले. प्लॅटफर्ड आणि हॉल्डनबी हे दोन उमेदवार हाताशी होते.

इथे घंटेचे कारागीर कामी आले. त्या काळच्या मोटारीत ठिणगी पाडण्यासाठी ट्रेंबलर कॉइल वापरीत आणि ट्रेंबलर म्हणजे दुसरेतिसरे काही नसून घंटेतली थरथरणारी पट्टीच. बॅटरीचा क्षीण प्रवाह तोडून जोडून ती कॉइलमधून उच्च दाबाचा प्रवाह उभा करते आणि सिलिंडरमध्ये ठिणगी उडते. पहिल्या पिढीतील बहुतेक मोटारकर्ते सायकल, वाफेची इंजिने किंवा घोडागाड्या यांच्या धंद्यातून आलेले होते. लोखंड त्यांना कळे, वीज बुजवी. रॉइस यांना दोन्ही कळे. डायनॅमोतली नको असलेली ठिणगी घालविण्यात ज्याची दहा वर्षे गेली, त्याला हवी असलेली ठिणगी हुकमी उत्पन्न करणे जड गेले नाही. कॉइल आणि प्रवाह वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर त्यांनी स्वतः आखले.

१ एप्रिल १९०४ रोजी पहिली दहा अश्वशक्तीची रॉइस मोटार कुक स्ट्रीटबाहेर पडली. तीनपैकी एक मोटार क्लेअरमॉन्ट यांना मिळाली. भागीदाराचा विश्वास आरंभी इतका की, ते मोटारीने निघाले म्हणजे मागून घोडागाडी येत असे, अशी आख्यायिका आहे. दुसरी मोटार हेन्री एडमंड्स यांच्याकडे गेली. ते कंपनीत भागधारक होते आणि लंडनच्या मोटारवर्तुळातही वावरत. त्यांच्याच खटपटीने ४ मे १९०४ रोजी मँचेस्टरच्या मिडलँड हॉटेलात चार्ल्स रोल्स आणि हेन्री रॉइस यांची भेट झाली. रोल्स सव्वीस वर्षांचे, केंब्रिजचे पदवीधर, लंडनमध्ये परदेशी मोटारी विकणारे. दोन सिलिंडरच्या इंजिनावर त्यांचा विश्वास नव्हता, कारण ते हटकून थरथरते. या मोटारीत बसल्यावर तो आक्षेप गळून पडला. रॉइस यांनी बनवाव्यात आणि रोल्स यांनी सर्व विकाव्यात असा करार २३ डिसेंबर १९०४ रोजी झाला. मार्च १९०६ मध्ये रोल्स-रॉइस लिमिटेड स्थापन झाली.

मधल्या काळात बनलेल्या सहा सिलिंडरच्या तीस अश्वशक्तीच्या मोटारीने मात्र खरी परीक्षा पाहिली. तिचा क्रँकशाफ्ट तुटू लागला. धातू चांगला, घडाई चांगली आणि तरी तुकडे. अशा वेळी शाफ्ट आणखी जाड करून मोकळे होणे हा सर्वसाधारण फिटरचा मार्ग. रॉइस दोषाच्या मुळाशी गेले. लांब शाफ्टला सहा ठिकाणी एकामागून एक हिसके बसतात तेव्हा तो पिळे पिळे होतो, धुणे पिळावे तसा, आणि विशिष्ट वेगाला हे पिळणे व सुटणे हिसक्यांच्या तालात सापडून वाढत जाते. म्हणजे दोष धातूत नव्हता, तालात होता. त्यांनी तो ताल मोडणारा डँपर शाफ्टच्या टोकाला बसविला आणि पुढच्या इंजिनात सहा सिलिंडर तीन-तीनच्या दोन ठोकळ्यांत ओतून शाफ्टला सात ठिकाणी आधार दिला. बेअरिंगना दाबाने तेल पोचविण्याची सोय केली.

हे पुढचे इंजिन म्हणजे ४०/५० अश्वशक्तीची, ७०३६ घनसेंटिमीटरची प्रसिद्ध मोटार. तिच्यापैकी एकीचे नाव 'सिल्व्हर घोस्ट' होते. पुढे सगळ्याच मालिकेला तेच नाव चिकटले. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आणि त्यांच्यासाठी ठिणगीच्या दोन स्वतंत्र व्यवस्था. इंजिन सुरू करताना बॅटरी आणि ट्रेंबलर, चालू झाल्यावर मॅग्नेटो. मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही, पण इंजिन मंद फिरताना त्याची ठिणगी दुबळी असते. ट्रेंबलर मंद इंजिनातही जोरकस ठिणगी देतो, पण बॅटरीवर जगतो. एकाचे वैगुण्य दुसऱ्याने झाकावे अशी ही जोडी. दुरुस्तीच्या दृष्टीनेही ती सोयीची होती. एका व्यवस्थेवर इंजिन अडखळले आणि दुसरीवर सुरळीत चालले, तर दोष पेट्रोलमध्ये नसून विजेत आहे, आणि विजेच्याही कोणत्या अर्ध्या भागात आहे, हे बॉनेट न उघडता कळे.

१९०७ मध्ये सिल्व्हर घोस्टची रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली चाचणी झाली. ६२९ मैलांवर ती थांबली. कारण क्षुल्लक होते. हादऱ्यांनी पेट्रोलचा नळ आपोआप बंद झाला होता. नळ उघडला आणि त्यानंतर १४,३७१ मैल, म्हणजे सुमारे २३ हजार किलोमीटर, ती यंत्रदोषामुळे एकदाही थांबली नाही. मग क्लबच्या तज्ज्ञांनी तिचा भाग न्‌ भाग सुटा करून मोजला. नव्यासारखी करण्यास लागणाऱ्या सुट्या भागांचा हिशेब निघाला २ पौंड २ शिलिंग ७ पेन्स. जाहिरातीला याहून काय हवे!

आपल्या सह्याद्रीनेही या मोटारीची पारख केलेली आहे. १९०८ मध्ये 'पर्ल ऑफ द ईस्ट' नावाची एक ४०/५० मोटार मुंबईत आली आणि मुंबई-कोल्हापूर चाचणीत घाट चढून-उतरून यशस्वी ठरली. पुढे ती ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी घेतली. ज्या घाटांत तेव्हा बैलगाड्यांनाही जादा बैल जोडावे लागत, तेथे पाणी न उकळता चढणारी मोटार पाहून संस्थानिकांचे कुतूहल चाळवले असल्यास नवल नाही. मोटारीच्या रुबाबाची चर्चा नंतर झाली. आधी तिला घाट चढून दाखवावा लागला.

तरीही ही यंत्रे आपोआप टिकली असा समज कोणी करून घेऊ नये. कंपनी फक्त चासिस विके. मोटारीचा डोलारा दुसरीकडे बांधला जाई. चासिसवर तेल-ग्रीस द्यायच्या कितीतरी जागा होत्या आणि त्या नेमाने पाहणारा माणूस गाडीला लागे. म्हणून कंपनीने चालकांसाठी प्रशिक्षणवर्ग चालविले. चालकाने केवळ हाकावे असे नव्हे. त्याने ऐकावे, हुंगावे, हात लावून ताप पाहावा, ही अपेक्षा होती.

रॉइस यांची ही पद्धत इतर, साध्या ब्रिटिश गाड्यांनाही लागू पडते. मॉरिस, ऑस्टिन किंवा आपल्या ओळखीची लँडमास्टर घ्या. गाडी सुरू होत नसेल तर अनुभवी मेकॅनिक आधी कार्ब्युरेटर खोलत नाही. तो बॅटरीची टोके पाहतो, अर्थची जाड पट्टी चासिसला जिथे आवळली आहे तेथील गंज खरवडतो, मग कॉन्टॅक्ट पॉइंट उघडून काजळी पुसतो आणि त्यांतील अंतर पात्याने मोजतो. ठिणगी निळसर आणि चटका देणारी असेल तरच तो पेट्रोलकडे वळतो. अंधूक दिवे, मधूनच बंद पडणारा हॉर्न, उगाच नाचणारे काटे या तक्रारींपैकी कितीतरी एका गंजलेल्या जोडात निघतात. बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीच्या उपकरणांवर जगभर विनोद झाले. काही रास्तही होते. पण पन्नास वर्षे जोड न उघडता कंपनीला नावे ठेवणे हा आपलाही आळस आहे. आणखी एक गोष्ट विसरू नये. तिशीच्या दशकाच्या मध्यापासून साठीच्या दशकापर्यंत अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक चासिसला जोडलेले असे. आजच्या सवयीने बॅटरी उलटी लावली तर दिवे लागतात, म्हणून चूक ध्यानात येत नाही, आणि डायनॅमो मात्र संकटात सापडतो.

१९०८ मध्ये कारखाना डर्बीला गेला. १२ जुलै १९१० रोजी बोर्नमथ येथे विमान कोसळून चार्ल्स रोल्स मरण पावले. वय अवघे बत्तीस. पुढच्याच वर्षी रॉइस कोसळले. ते अंथरुणाला खिळले, १९१२ मध्ये मोठी शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी काही महिन्यांची मुदत दिली. क्रँकशाफ्ट तुटण्याआधी त्याची कुरकुर ज्यांना ऐकू येई, त्यांना स्वतःच्या आतड्यांची कुरकुर दहा वर्षे ऐकू आली नव्हती. याच काळात पत्नी मिनी यांच्याशीही ते विभक्त झाले. एथेल ऑबिन या परिचारिकेने पुढची एकवीस वर्षे त्यांचे पथ्यपाणी सांभाळले. कंपनीचे कार्यकारी प्रमुख क्लॉड जॉन्सन यांनी तर त्यांना डर्बीपासून दूर ठेवण्याचा निश्चयच केला. कारखान्यात पाऊल ठेवले की हा माणूस जेवण विसरणार, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

मग विलक्षण व्यवस्था सुरू झाली. हिवाळ्यात दक्षिण फ्रान्समधील ल कानादेल, इतर वेळी इंग्लंडचा दक्षिण किनारा, १९१७ पासून वेस्ट विटरिंग. जवळच्या घरात निवडक आरेखक राहत. नकाशे त्यांच्याकडे येत, दुरुस्त होऊन डर्बीला जात, तेथून तुटलेले भाग आणि अहवाल परत येत. आपण उभारलेल्या कारखान्याचा आवाज त्यांना पुन्हा ऐकता आला नाही. एका परीने हा कठोर कैदखाना होता. पण त्यामुळे प्रत्येक दोष कागदावर नेमका मांडण्याची शिस्त कंपनीला लागली, असे म्हणायला जागा आहे.

पहिल्या महायुद्धात सिल्व्हर घोस्टच्या चासिसवर चिलखती गाड्या धावल्या आणि रॉइस विमानाच्या इंजिनांकडे वळले. त्यांच्या ईगल इंजिनांच्या जोडीवर १९१९ मध्ये अल्कॉक आणि ब्राऊन यांनी अटलांटिक महासागर न थांबता ओलांडला. १९२८ च्या शरदात वेस्ट विटरिंगच्या वाळूवर काठीने रेघोट्या ओढीत रॉइस यांनी सहकाऱ्यांना नव्या शर्यती इंजिनाची कल्पना समजावून दिली, असे सांगतात. ते आर इंजिन. डर्बीत ते पूर्ण शक्तीने इतके चालवीत की काहीतरी तुटावे. तुटलेला भाग बळकट करीत आणि पुन्हा चालवीत, पुढचा भाग तुटेपर्यंत. डेकॉव्हिलवर एकट्याने केलेला उद्योग आता शेकडो माणसे करीत होती. १९२९ आणि १९३१ अशा दोन्ही वर्षी श्नायडर करंडक ब्रिटनने याच इंजिनावर जिंकला. १९३० मध्ये रॉइस यांना बॅरोनेट हा किताब मिळाला.

या अनुभवातून बारा सिलिंडरच्या नव्या इंजिनाचे काम कंपनीने स्वखर्चाने हाती घेतले. ते ऑक्टोबर १९३३ मध्ये प्रथम चालले आणि पुढे मर्लिन या नावाने स्पिटफायर व हरिकेन विमानांत बसले. रॉइस यांनी ते पाहिले नाही. २२ एप्रिल १९३३ रोजी वेस्ट विटरिंग येथील घरी, वयाच्या सत्तराव्या वर्षी त्यांचे निधन झाले होते. मोटारीच्या बिल्ल्यावरील लाल अक्षरे त्या वर्षी काळी झाली ती त्यांच्या सुतकामुळे, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः तो बदल त्यांच्या हयातीतच ठरला होता.

शेवटच्या दुखण्यातही त्यांचे डोके मोटारीखालीच होते. मृत्यूच्या आदल्या दिवशी त्यांनी एका लिफाफ्याच्या पाठीवर, गरजेप्रमाणे कमी-अधिक करता येईल अशा शॉक अॅब्सॉर्बरचे चित्र काढले आणि ते डर्बीच्या पोरांना नक्की पाठवा, असे नर्स ऑबिन यांना बजावले, अशी हकिकत चरित्रकार सांगतात. लिफाफा डर्बीत पोचला तेव्हा चित्र काढणारा हयात नव्हता.